शाळेचा निरोप आईच्या फोनवर

मैत्रिणींनो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात बहुधा वडिलांचाच नंबर असतो. ते दिवसभर कामावर, मग शाळेचा निरोप घरात पोचतो रात्री, नाहीतर पोचतच नाही. म्हणून आम्ही म्हणतो, आईचाही नंबर द्या. वाचता येत नसेल तर बाईंना बोलका निरोप पाठवायला सांगा. ‘आज हातच्याची वजाबाकी घेतली,’ एवढंच पुरे. घरी खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. जुडी सोडली की लेकराला हातचा कळतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवरून स्कॅन करूनही धडा पाहता येतो. साधाच फोन असेल तर बचत गटाच्या बैठकीत एकीच्या मोबाइलवर सगळ्यांनी ऐका. निरोप येतच नसतील, तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. 2009च्या कायद्याने त्यात निम्म्या महिला असतात.