जखम जवानाची, हिशेब टक्क्यांचा

सुटीवर आलेला एखादा जवान कसारा लोकलमधून वाशिंद स्थानकावर उतरताना घसरला आणि गाडीखाली त्याचा हात गेला, तर ही लष्करी सेवेत झालेली जखम मानायची की खासगी अपघात? प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर त्या जवानाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. लष्कराच्या हिशेबी जखम किती गंभीर आहे हा मुद्दा दुसरा. ती कोठे, कशी आणि कोणत्या कारणाने झाली, हा पहिला.

मदनसिंह शेखावत या जवानाचे प्रकरण नेमके असेच होते. नैमित्तिक रजेवर गावी जाताना रेल्वे अपघातात त्यांनी हात गमावला. प्रवास सरकारी खर्चाने झालेला नव्हता, तिकीट स्वतःच्या पैशाचे होते, एवढ्या कारणावरून त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. मंजूर रजेवर घरी जाणारा जवान कर्तव्यावरच असतो. तिकिटाचे पैसे कोणी भरले यावरून त्याचा हक्क ठरू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तथापि, हाच जवान घरी पोहोचल्यावर चार दिवसांनी दुचाकीवरून पडला तर चित्र बदलते. वार्षिक रजेवर असताना स्कूटर अपघातात जखमी झालेल्या जुझारसिंह यांचा दावा याच न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केला. रजेचा काळ सेवेत धरला जात असला, तरी जखमेचा लष्करी सेवेशी काही कार्यकारणसंबंध हवा, अशी ही भूमिका. शहापूर-मुरबाड परिसरातील जवान रजा काढून भातलावणीसाठी घरी येतो. त्याच्या दृष्टीने रेल्वेतील पडणे आणि बांधावरील पडणे यांत फरक नाही. कायद्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे लष्कराचे १९६१ चे निवृत्तिवेतन विनियम. त्यांतील १७३ क्रमांकाच्या विनियमानुसार दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे. टक्केवारी ठरवते ती लष्करी डॉक्टरांची मेडिकल बोर्ड. सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि बळावलेलेही नाही, असा शेरा या बोर्डाने मारला की फाइल तेथेच अडते. गोळी लागलेल्या जवानाच्या बाबतीत सहसा वाद उद्भवत नाही. वाद होतो तो रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, मानसिक आजार यांच्याबाबत. हे आजार नागरी जीवनातही होतात, मग लष्कराने जबाबदारी का घ्यावी, असा प्रश्न विचारला जातो.

त्याचे उत्तर धरमवीरसिंह यांच्या खटल्यात मिळाले. १९८५ मध्ये भरती झालेल्या या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणावरून घरी पाठविण्यात आले आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद झालेली नसेल, तर जवान निरोगी होता असेच धरावे लागेल. पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळे झालेला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी लष्कराची आहे, जवानाची नव्हे. तसेच बोर्डाने केवळ निष्कर्ष लिहून भागत नाही, त्याची कारणेही द्यावी लागतात. वस्तुतः १९८२ च्या नियमांतच हे सारे होते. नियमात स्पष्टपणे लिहिलेली गोष्ट मिळवण्यासाठी सामान्य शिपायाला दिल्लीपर्यंत जावे लागावे, हे या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे. पुढच्याच वर्षी सुखविंदरसिंह यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अपंगत्वामुळे लष्कर ज्याला सेवेतून काढते, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक आहे असेच मानले पाहिजे. एरवी त्याला काढलेच कशाला?

आता रकमेकडे. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन घटक असतात. पहिला सेवा घटक, म्हणजे नेहमीचे निवृत्तिवेतन. दुसरा अपंगत्व घटक. तो १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि अपंगत्व कमी असेल तसा कमी होतो. शेवटचे वेतन ४० हजार रुपये असलेल्या जवानाचा अपंगत्व घटक १०० टक्क्यांना १२ हजार रुपये होईल. अपंगत्व २० टक्के असेल, तर सरळ हिशेबाने हाती येतील २,४०० रुपये. येथे ‘ब्रॉड-बँडिंग’ नावाची तरतूद उपयोगी पडते. डॉक्टरांच्या अंदाजात थोडाफार फरक राहणारच, हे गृहीत धरून ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरले जाते, ५० ते ७५ मधले ७५ आणि त्यावरचे १००. त्यामुळे वरील जवानाचा घटक ६ हजारांवर जातो. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९६ पासून हा लाभ लागू झाला. परंतु आजारपणामुळे काढलेल्यांनाच. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग जवानांना तो १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मिळाला.

युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना आलेल्या अपंगत्वाला वेगळा, बराच वरचा दर आहे. तेथे १०० टक्के अपंगत्व घेऊन घरी जावे लागलेल्या जवानाचा युद्धजखम घटक शेवटच्या वेतनाएवढा असतो. साहजिकच जखम कोणत्या वर्गात मोडते, यावरूनही तंटे होतात.

सातव्या वेतन आयोगाने टक्केवारी सोडून ठरावीक रकमेची शिफारस केली होती. १०० टक्के अपंगत्वासाठी अधिकाऱ्यांना २७ हजार, ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांना १७ हजार आणि जवानांना १२ हजार. ती वादग्रस्त ठरली आणि २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारीची पद्धत कायम ठेवली.

दाद मागण्याची वाट लांबची आहे. लष्करातच अपिलाचे दोन टप्पे आहेत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. तेथे जिंकले तरी सरकार वर अपील करत असे. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी हे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अपंग सैनिकांविरुद्धची अपिले हा त्या समितीपुढचा एक मोठा विषय होता. सरकारी कारभाराची गती लक्षात घेता, खटले त्यानंतरही चालूच राहिले यात नवल नाही.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नियमांचा नवा संच लागू झाला आहे. त्यात अपंगत्व असूनही सेवेत ठेवलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ अशी वेगळी संज्ञा आली. त्या तारखेनंतर सेवा सोडणाऱ्यांना हेच नियम लागू होतात, आधीच्यांना जुने. वकिलाकडे जाण्यापूर्वी आपली तारीख कोणती हे पाहावे.

पैशाबरोबर पुनर्वसनाचाही प्रश्न असतो आणि त्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना कामधंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला गेली. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात आहे, तर मज्जारज्जूच्या दुखापतीने पाय गमावलेल्यांसाठीचे पुनर्वसन केंद्र खडकीत १९७४ पासून चालते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये.

काही जण तर या व्यवस्थेच्या उंबरठ्यावरच राहतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षणात जायबंदी झालेला छात्र नियमांनुसार सैनिक नसतो, म्हणून त्याला निवृत्तिवेतन नाही. मिळते ते सानुग्रह अनुदान. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास सरकारने माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना खुली केली.

दुसरा गट अग्निवीरांचा. २०२२ च्या योजनेत सेवा चार वर्षांची आहे आणि निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी, शिवाय उरलेल्या मुदतीचे वेतन आणि सेवा निधी मिळतो. एकरकमी रक्कम मोठी दिसते. परंतु विशीतच पाय गमावलेल्या तरुणाला ती चाळीस-पन्नास वर्षे पुरवायची आहे आणि महागाईबरोबर वाढत जाणारे निवृत्तिवेतन त्याच्या वाट्याला नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात.

कागदांचे महत्त्व या सगळ्यात सर्वाधिक. जखम झाल्यावर युनिटमध्ये भरला जाणारा ‘आयएएफवाय-२००६’ हा जखम अहवाल आणि गरजेप्रमाणे होणारी चौकशी, यांवर पुढचा दावा उभा राहतो. रजेवर अपघात झाला तर पोलीस आणि रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन युनिटला लगेच कळवावे लागते. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत जवानाने मागून घ्यावी. घरी परतल्यावर जुन्या नोंदी मिळतात त्या रेकॉर्ड ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावहून, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीहून, महार रेजिमेंटच्या मध्य प्रदेशातील सागरहून. वाशिंद, शहापूर वा मुरबाडच्या माजी सैनिकाला या पत्रव्यवहारासाठी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते आणि राज्य सरकारच्या अनुदानाचे अर्जही तेथूनच पुढे जातात.