रणभूमीचे वाचन : स्थलनिर्देशक नकाशांच्या साहाय्याने

लढायांची वर्णने आपण वाचतो ती बहुधा माणसांची असतात. कोणी चाल केली, कोणी माघार घेतली, कोणती पलटण कोसळली, कोणता सरदार धारातीर्थी पडला, यांची नोंद बखरकार आणि खलितेलेखक आवर्जून करतात. ज्या जमिनीवर हे सारे घडले तिच्याविषयी मात्र दोन-चार शब्दच हाती लागतात. 'नदी आडवी होती', 'जागा अडचणीची होती', 'पुढे खिंड लागली' एवढ्यावर वर्णन संपते. वास्तविक अनेक लढायांचा निकाल लावण्यात त्या जमिनीचा वाटा सेनापतीच्या बुद्धीइतकाच मोठा असतो.

ही उणीव भरून काढण्याचे एक साधन आता सर्वसामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आले आहे. ते म्हणजे संगणकावर पाहता येणारे स्थलनिर्देशक नकाशे होत. भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ मध्ये झाली. या खात्याचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला, पाटबंधारे खात्याला आणि वनखात्याला उपयोगी पडत आले. परंतु सामान्य नागरिकाला ते सहजी मिळत नसत. सरहद्दीलगतच्या आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या विस्तृत पट्ट्यातील नकाशांवर निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. २०१७ मध्ये जनतेसाठीच्या मालिकेतील नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ त्याआधी, २००९ मध्येच सुरू झाले होते. त्यावर उपग्रहचित्रे आणि भूपृष्ठाची उंची दोन्ही पाहता येतात.

या नकाशांचे प्रमाण १ : ५०,००० असते, म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर हे प्रत्यक्षातील एक किलोमीटर होय. तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. रेषा दाट तेथे चढ खडा, विरळ तेथे जमीन सपाट, हे शालेय भूगोलात सर्वांनीच शिकलेले असते. रणभूमीच्या अभ्यासकाला याहून मोलाची वाटावी अशी एक बारीक खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नदीनाल्यांच्या काठी लहान आकडे आणि त्यांना जोडून एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. तो आकडा त्या जागेची सापेक्ष उंची किंवा खोली दाखवतो, म्हणजे काठ पात्रापासून किती मीटर उंच आहे हे सांगतो. तोफेचा गाडा आणि बैलजोडी यांच्या दृष्टीने नदी किती रुंद आहे यापेक्षा तिची दरड किती उंच आहे, हाच प्रश्न निर्णायक असे.

या साधनाचा उपयोग कसा होतो हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्यातील आसईसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या पूर्वेस आसई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या संयुक्त फौजेची गाठ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या सैन्याशी पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्याजवळ साडेनऊ हजारांच्या आसपास सैन्य होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष हल्ल्यात उतरले ते त्याहून बरेच कमी. समोर शिंद्यांच्या कवायती कंपूंचे दहा हजारांहून अधिक पायदळ, शंभरावर तोफा आणि त्यांखेरीज प्रचंड घोडदळ होते. कंपूंचे नेतृत्व पोहलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते.

नकाशा उघडताच पहिली गोष्ट लक्षात येते ती दोन नद्यांची. दक्षिणेस केळणा आणि उत्तरेस जुई या जवळजवळ समांतर पूर्वेकडे वाहत जातात आणि पुढे एकमेकींना मिळतात. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे 'कैलना' आणि 'जुआ' अशी आढळतात. दोहोंमधला जमिनीचा पट्टा पश्चिमेस रुंद असून पूर्वेकडे जिभेसारखा निमुळता होत जातो. मराठ्यांचा तळ याच पट्ट्यात, केळणेच्या उत्तर काठाने पडला होता. घोडदळ भोकरदनच्या बाजूला, पश्चिमेस होते आणि पायदळ व तोफा आसईच्या बाजूला, पूर्वेस होत्या. नकाशावर भोकरदन ते आसई हे सरळ अंतर मोजले तर ते ११ ते १२ किलोमीटर भरते. शत्रू भोकरदनला आहे, अशी बातमी हरकाऱ्यांनी वेलस्लीला दिली होती. बातमी खोटी नव्हती, पण अपुरी होती. एवढ्या लांब पसरलेल्या तळाच्या एका टोकाचेच नाव तिच्यात आले होते. त्यामुळे शत्रू अपेक्षेहून कितीतरी जवळ निघाला आणि दुसऱ्या दिवशी करावयाची लढाई त्याच दुपारी करण्याचे वेलस्लीने ठरवले.

त्याच्या सैन्याचा दुसरा भाग कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होता. बदनापूरजवळ २१ सप्टेंबरला दोघांची गाठ पडली. मधल्या डोंगररांगेच्या दोन बाजूंनी दोन फौजांनी जावे आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असा बेत होता. इतिहासाच्या पुस्तकांत या फाटाफुटीवर टीका वाचावयास मिळते. डोंगरांतील अरुंद वाटा आणि त्यांतून जाणारा बैलगाड्यांचा लवाजमा डोळ्यांपुढे आणला म्हणजे फौज दुभागण्यामागचे कारण समजते, आणि तिच्यातला धोकाही समजतो. स्टीव्हन्सन पोहोचला तो २४ च्या सायंकाळी. तोवर लढाई होऊन गेली होती.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे शंभर तोफांच्या तोंडी जाणे. म्हणून वेलस्ली पूर्वेकडे वळला. त्या दिशेला नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. परंतु केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. समोरासमोर वसलेल्या गावांत ये-जा असणारच आणि ये-जा आहे तेथे उतार असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला. या प्रसंगाला इंग्रज चरित्रकारांनी प्रतिभेचा साक्षात्कार ठरवले आहे. नदीकाठच्या आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला त्यात फारसे नवल वाटू नये!

इंग्रजी वृत्तांतांत ही गावे 'पीपलगाव' आणि 'वरूर' अशी येतात. पिंपळगाव आणि वरूड ही त्यांची मूळ रूपे. येथे नकाशा अभ्यासकाला एका चुकीपासून वाचवतो. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. केवळ नाव जुळले म्हणून जागा ठरवणे धोक्याचे असते. ज्याच्या समोर, पलीकडच्या काठी, वरूड आहे आणि जेथून केळणा-जुईचा संगम पूर्वेस जवळच पडतो, तेच पिंपळगाव या लढाईचे होय. दोन नावे, एक नदी आणि एक संगम अशा चार खुणा जुळल्या म्हणजे निर्णयाला बळकटी येते.

उतार ओलांडून इंग्रज फौज दोन नद्यांमधल्या जिभेच्या टोकाशी आली आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या दोन्ही बगला आता नद्यांनी सांभाळल्या होत्या. निमुळत्या जागेत मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला वेढा घालण्यास वावच उरला नाही. पोहलमनने मात्र अपेक्षेपलीकडचे कौशल्य दाखवले. दक्षिणेकडे तोंड केलेली आपली फळी त्याने काटकोनात फिरवून पूर्वाभिमुख केली. तिचे एक टोक केळणेशी आणि दुसरे जुईकाठच्या आसई गावाशी टेकले. ऐन लढाईच्या तोंडावर एवढी मोठी फौज अशी शिस्तीने फिरते, हे कंपूंच्या कवायतीचे सर्वात मोठे प्रशस्तिपत्र होय.

इंग्रजांच्या उजव्या बाजूची फळी आसईकडे फार सरकली आणि गावातील तोफांखाली तिची वाताहत झाली. वृत्तांत याचा दोष आदेश नीट न समजलेल्या अधिकाऱ्याला देतात. नकाशा त्यात आणखी एक गोष्ट सुचवतो. हा पट्टा पश्चिमेकडे रुंदावत जातो, त्यामुळे पुढे सरकणाऱ्या फळीला दोन्ही नद्या धरून राहायचे तर ती ताणली जाणार, तिच्यात खिंडारे पडणार. जमिनीचा आकारच त्या चुकीला पोषक होता.

डाव्या बाजूला, केळणेच्या काठाने, शिंद्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी राहिले. इंग्रज फळी त्यांच्यावरून पुढे निघून गेल्यावर पडलेल्यांपैकी काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीला परत फिरून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. इंग्रजांनी अखेरीस ९८ तोफा हस्तगत केल्या. त्यासाठी त्यांचे सुमारे १,६०० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

या नकाशांच्या मर्यादाही ध्यानी ठेवल्या पाहिजेत. समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. दोन रेषांमध्ये बसणारा उंचवटा, ज्याआड एक पलटण सहज लपू शकेल, नकाशावर उमटतच नाही. अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये घेतलेल्या किंवा आपल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाने टिपलेल्या उंचीच्या माहितीवरून रेघेखालच्या जमिनीचा छेद संगणकावर क्षणात काढता येतो. पण या माहितीचा एकेक चौकोन ३० मीटरचा असतो आणि चार-पाच मीटरची नदीची दरड त्यात विरून जाते. तेथे सर्वेक्षकाने स्वतः मोजून लिहिलेला सापेक्ष उंचीचा आकडाच कामी येतो. बंधारे, कालवे आणि विहिरी यांनी पाण्याचे रूप पालटलेले असते. शिवाय ही लढाई पावसाळ्याच्या अखेरीस झाली, हे विसरून उन्हाळ्यातील उपग्रहचित्रावर विसंबणे योग्य नव्हे. जुन्या पत्र्यांवरील अक्षांश-रेखांशही नव्या पत्र्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण पृथ्वीच्या आकाराचे गृहीत प्रमाण मधल्या काळात बदलले आहे. एका पत्र्यात १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश मावतात. आसई २० अंश १४ मिनिटांच्या आसपास असल्याने ती पत्र्याच्या वरच्या कडेशी येते. उत्तरेकडील मुलूख पाहावयाचा तर शेजारचा पत्रा जोडावा लागतो.

सह्याद्रीत हे वाचन पुष्कळ सोपे जाते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडला आणि खंडणी देऊन सुटला. तेथे घाटमाथा आणि तळ यांत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे. वीस मीटरला एक याप्रमाणे पंचवीस रेषा एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि खानाची फौज मागे का वळू शकली नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. उलट पानिपतच्या सपाट मैदानावर समोच्च रेषा जवळजवळ मुक्याच राहतात.

राज्यातील अनेक किल्ले संरक्षित स्मारके आहेत. उघड्या रणभूमीला तसे कोट-बुरूज नसल्याने ती नांगराखाली, रस्त्याखाली किंवा नव्या वस्तीखाली नकळत नाहीशी होते. स्थलनिर्देशक नकाशावर निश्चित केलेली जागा गावाच्या भूमापन नकाशाशी जुळवली तर ती गट क्रमांकापर्यंत नेता येते, आणि मग रस्ता आखताना वा विहीर खणताना तिचा विचार होऊ शकतो. हे काम गावातील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी तलाठ्याच्या मदतीने करू शकतील. मात्र शेतात तोफगोळा किंवा जुनी नाणी सापडल्यास ती घरी नेऊ नयेत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. वस्तू नेमकी कोठे आणि किती खोलीवर मिळाली, ही नोंद अभ्यासकाला त्या वस्तूइतकीच मोलाची असते. म्हणून ती जागेवरच नकाशावर टिपून ठेवावी.