दगडाखालचं बिऱ्हाड

लहानपणी मला माळावरचे दगड उलटून विंचू बघायचा नाद होता. वरून चटका देणाऱ्या दगडाखाली गारवा कसा, याचं तेव्हा नवल वाटे. मोठा दगड सावकाश तापतो, त्यामुळे वर आग असली तरी खालची फट थंड राहते. वाळवंटातल्या काही उंदरांचं आयुष्य याच गारव्यावर चालतं.

मृत समुद्राचा इस्राएलकडचा काठ समुद्रसपाटीच्याही चारशे मीटर खाली आहे. तिथे एन गेदीच्या खडकाळ उतारांवर काटेरी उंदरांच्या दोन जाती राहतात, एक साधी आणि एक सोनेरी. पाठीवर काट्यांसारखे राठ केस. बिळं खणण्यापेक्षा खडकांतल्या तयार फटींतच त्यांचं बिऱ्हाड.

आता उंदराला कुठे सुरक्षित वाटतं, हे त्याला विचारायचं कसं? शास्त्रज्ञ थाळ्यांत माती भरून त्यात मोजून दाणे मिसळतात. काही थाळ्या दगडांच्या आडोशाला ठेवतात, काही उघड्यावर. जिथे धोका किंवा ऊन जास्त, तिथून उंदीर लवकर काढता पाय घेतो. मागे उरलेले दाणे हेच त्याचं उत्तर! उन्हाळ्यातल्या दिवशी सोनेरी उंदीर दगडाआडच्या थाळ्या पसंत करतो, असं यातून दिसलं. उघड्यावर ऊन आणि शिकारी पक्षी, दोन्ही डोक्यावर. अर्थात आडोसाही निर्धोक नाही. आपल्या कोकणातल्या फुरशाचा एक भाऊबंद त्या खडकांत दबा धरून बसतो.

पण मुळात हा उंदीर दिवसा बाहेर पडतोच का? त्याचे डोळे तर रात्रीच्या प्राण्याचे आहेत. अमिराम श्कोल्निक यांनी साध्या जातीचे उंदीर तिथून हलवून पाहिले. तेव्हा सोनेरी उंदीर रात्रीही फिरू लागले! १९७१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे शेजाऱ्याने रात्र बळकावली, म्हणून याच्या वाट्याला दिवस आला. दिवसा जगायचं, तर सावली हवीच.

आपल्याला दगड म्हणजे पडीक जमिनीतली अडगळ वाटते. सोनेरी उंदराची मात्र ती भर दुपारची एकमेव ओसरी आहे. लहानपणी मी उलटलेले दगड पुन्हा जागेवर ठेवत नसे. आता एखादा उलटलाच, तर आठवणीने जसाच्या तसा ठेवतो.