पीटलाईनची जागा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सन 2022 च्या आरंभी, चिकलठाण्याला होऊ घातलेली पीटलाईन जालन्याकडे वळल्याची वार्ता आली तेव्हा छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) या शहरात जो क्षोभ उसळला, त्यात अभिमानाचा अंश मोठा आणि पीटलाईन म्हणजे नेमके काय याच्या तहकिकातीचा अंश अल्प होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्या हस्ते येथील स्थानकावरही 16 डब्यांच्या पीटलाईनची पायाभरणी झाली. वाद निवळला, गैरसमज मात्र जागच्या जागी राहिले.

त्यांतील सर्वांत हट्टी समज असा, की पीटलाईन म्हणजे घणांच्या आवाजाने आणि धुराने वस्ती हैराण करणारा कारखाना. वस्तुतः ती दोन रुळांच्या मधोमध खोदून बांधून काढलेली एक लांब चर असून, तीत उभे राहून कामगार डब्याचे पोट न्याहाळतो. प्रवास आटोपून आलेल्या गाडीची चाके, स्प्रिंगा व ब्रेक तेथे तपासले जातात, डबे धुतले जातात, टाक्या भरल्या जातात आणि ब्रेक सुस्थितीत असल्याचा दाखला मिळाल्यावरच गाडी पुन्हा मार्गस्थ होते. डबा उचलून करावयाची मोठी दुरुस्ती सिकंदराबादेजवळच्या लालागुडा कारखान्यासारख्या ठिकाणी होते. म्हणून शेजारच्या वस्तीची तक्रार खोटी ठरते असे नव्हे. ती बहुधा चुकीच्या कलमाखाली दाखल झालेली असते. धुराची धास्ती विद्युतीकरणानंतर पुष्कळशी ओसरावी, परंतु रात्रीच्या शंटिंगची शिटी, उंच खांबांवरील प्रखर दिवे आणि धुलाईचे तेलकट सांडपाणी यांचा बंदोबस्त मागण्याचा हक्क रहिवाशांना निश्चित आहे.

दुसरा समज अधिक सुशिक्षित, आणि म्हणूनच अधिक घातक. ‘शहराबाहेर गायरान पडले आहे, तिकडे न्या,’ असे म्हणणारा नकाशावर मोकळी जागा पाहतो. उतार पाहत नाही. उभी गाडी आपोआप घरंगळू नये म्हणून यार्डाची भूमी जवळजवळ सपाट लागते : 400 मीटरांत एक मीटर ही चढउताराची कमाल मर्यादा, आणि 1200 मीटरांत एक मीटर ही शिफारस. एक डबा सुमारे 24 मीटरांचा, तेव्हा 16 डब्यांना पावणेचारशे मीटरांहून अधिक आणि 24 डब्यांना पावणेसहाशेच्या आसपास सरळ लांबी हवी, शिवाय इंजिनाला जागा निराळी. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की गाडी जेथून सुटते तेथून पीटलाईन जितकी दूर, तितकी रिकामी गाडी त्याच रुळांवरून नेण्या-आणण्याची यातायात अधिक. आणि एकेरी मार्गावर रिकाम्या गाडीलाही भरलेल्या गाडीइतकीच जागा द्यावी लागते. येथील शिवाजीनगरच्या रेल्वेफाटकाशी ज्याने वर्षानुवर्षे घड्याळ पाहिले, त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. राहता राहिले पाणी. नाथसागर जलाशय जवळ असूनही दिवसाआड नळ येणे हे ज्या शहरात भाग्याचे लक्षण, तेथे डबे धुण्याचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची तजवीज मूळ आराखड्यातच असली पाहिजे.

पीटलाईन झाली की नव्या गाड्या आपसूक सुटू लागतील, ही आशाही अपुऱ्या माहितीवर उभी आहे. पीटलाईन ही आवश्यक अट. परंतु येथून अंकाईपर्यंतच्या एकेरी मार्गाचे दुहेरीकरण आणि मुंबईच्या स्थानकांतील फलाटांची सवड या अटी तितक्याच कडक आहेत.

हा सारा प्रपंच आजच मांडण्याचे कारण, शेंद्रा ते वाळूज मेट्रोचा प्रस्ताव या शहरापुढे येऊन गेला आहे आणि मेट्रो आली तर कारशेड, म्हणजे मेट्रोगाड्यांच्या देखभालीची जागाही येणारच. पुण्यात वनाजचे कारशेड कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर उभे राहिले. मुंबईत आरेच्या जागेसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये दोन हजारांवर झाडे पडली, काम कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, ते न्यायालयात अडकले आणि अखेर कारशेड आरेतच राहिले. तेव्हा येथील कारशेडचा नकाशा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल त्या दिवशी वाचकांनी मुदतीच्या आत अर्ज करून तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : मुख्य मार्गातून आत येणारा रूळ कोणत्या रस्त्याला छेदतो, सांडपाणी कोणत्या नाल्यात उतरते आणि रात्रपाळीचे काम कोणाच्या खिडकीखाली चालणार आहे.