आरशातला मी आणि घरच्यांचा मी

अंबाजोगाईच्या आमच्या घरी एके काळी आई दोसुतीच्या कापडावर भरतकाम करी. वहीतल्या चौकोनांवर नमुना मोजून एकेक फुली टाकीत ती पोपट उभा करी. अलीकडे संगणकावर स्वतःचा चेहरा काढायला बसलो, तेव्हा ध्यानात आले, की हा उद्योग तिचाच! आडवे ३२ आणि उभे ३२ मिळून १०२४ चौकोन. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हे सुसान केअर यांनी याच मापाच्या चौकटीत बसवली होती.

समोर आरसा ठेवून दोन दिवस खपलो. पापण्यासुद्धा सोडल्या नाहीत. धाकटीने विचारले, "हे कोणते काका?"

पत्नी म्हणाली, "भांग उलट्या बाजूला पडलाय." बरोबरच होते. आरशातला चेहरा उलटा असतो. लोक पाहतात तो आपण आरशात कधी पाहतच नाही. मग फोटो घेतला. शेजारचे चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "डोळे एक घर खाली घ्या. ते डोक्याच्या साधारण मध्यावर असतात." एका चौकोनाने केवढा फरक पडला! तरी मी काही उतरेना.

शेवटी पत्नीच म्हणाली, "डोळ्यांखालची काळी वर्तुळं का लपवलीत?" मला राग आला. रात्री गुपचूप पापण्या पुसल्या आणि डोळ्यांखाली दोन-दोन गडद चौकोन भरले.

सकाळी आई दारातूनच म्हणाली, "अरे, हा तर तूच की!" तिला मोतीबिंदू झालेला, चष्माही डोळ्यांवर नव्हता.

याचे कारण लिऑन हार्मन या अमेरिकन संशोधकाने १९७३ साली लिंकनच्या चौकोनी चित्रावरून दाखवले होते. चौकोनांच्या धारदार कडा चेहरा झाकून टाकतात. नजर धूसर केली, की कडा विरतात आणि मागचा छायाप्रकाश, म्हणजेच माणूस, दिसू लागतो. पापण्यांना तिथे काही किंमत नसते. काळ्या वर्तुळांना असते. मी जे लपवले होते, त्यावरूनच घरचे मला ओळखत होते.

पुढे आईची शस्त्रक्रिया झाली. चित्र पुन्हा दाखवले. जवळून निरखून ती म्हणाली, "हे नुसते चौकोन कशाला रे?"

मी तिला डोळे जरा बारीक करायला सांगितले.