घटसर्पाचे विष आणि लोहाचा आयन

सुश्रुतसंहितेत कंठरोगांमध्ये वर्णिलेल्या रोहिणीची तुलना अनेक वैद्य घटसर्पाशी करतात. ती कितपत नेमकी, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. प्रस्तुत लेखात एवढाच विचार करावयाचा आहे की, घटसर्पाचा जिवाणू आपले विष केव्हा तयार करतो आणि त्यात लोहाचा वाटा कोणता. लोहभस्म व मंडूर नित्य हाताळणाऱ्या आपल्या वर्गास हा विषय जवळचा वाटेल. परंतु त्यातून भलता निष्कर्षही चटकन निघू शकतो, म्हणून तो मुद्दाम मांडीत आहोत.

कोरिनीबॅक्टेरियम डिफ्थेरी या जिवाणूचे विष मुळात त्याचे स्वतःचे नव्हेच. विषाचे जनुक जिवाणूत शिरणारा एक विषाणू घेऊन येतो. हे १९५१ साली फ्रीमन यांच्या प्रयोगांतून उघड झाले. त्याआधीच, १९३६ मध्ये, पॅपेनहायमर यांनी दाखविले होते की, संवर्धनद्रवात लोह पुरेसे असेल तर विष जवळजवळ निर्माण होत नाही व लोह संपत आले की ते विपुल होते. लसीसाठी हे विष तयार करणाऱ्या कारखान्यांत द्रवातील लोहाचे प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते, ते याच कारणाने.

या घटनेमागील नियामक प्रथिनास डीटीएक्सआर असे नाव आहे. ते २२६ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक मात्र जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावर असते. पाहुण्याच्या जनुकावर यजमानाचा पहारा, असा हा प्रकार होय! एकटे प्रथिन निष्क्रिय असते. द्विसंयुजी लोहाचा आयन त्याच्या ठरावीक जागी बसला की प्रथिनाच्या आरंभीचा, डीएनएच्या आड येणारा लहानसा भाग बाजूस सरतो आणि प्रथिनाची जोडी डीएनएस घट्ट धरू शकते. अशा दोन जोड्या विषजनुकाच्या प्रारंभस्थानी समोरासमोरच्या बाजूंनी बसतात व जनुकाचे वाचन थांबते. म्हणजे धातूने प्रथिन जागृत होते, पण त्या जागृतीचे फळ विषजनुकाचे मौन हे असते. लोह घटले की आयन सुटतो, पकड ढिली होते आणि विषनिर्मिती सुरू होते. प्रयोगशाळेत निकेल, कोबाल्ट, मँगनीज यांचे आयनही हे कार्य करू शकतात. जिवाणूच्या शरीरात ते काम लोहाचे.

मनुष्यशरीरात ट्रान्सफेरिन व लॅक्टोफेरिन ही प्रथिने लोहास बांधून ठेवीत असल्याने मुक्त लोह अत्यल्प असते. जिवाणूस ही टंचाई म्हणजे आपण यजमानाच्या शरीरात आहोत याची खूणच ठरते. क्षयाच्या जिवाणूतही याच कुळातील आयडीईआर हे प्रथिन असून ते लोहसंग्रहाचे व्यवहार सांभाळते.

आता मुख्य सावधगिरी. लोहाने विष थांबते, मग घटसर्पात लोहकल्प द्यावेत, असा तर्क करणे सर्वथा अयोग्य आहे. मुखावाटे दिलेले लोह शोषल्यावर त्याच प्रथिनांशी बद्ध होते. घशातील पटलाखालच्या जिवाणूपर्यंत ते मुक्त आयन म्हणून पोहोचावे असा मार्ग नाही. शिवाय एकदा पेशीत शिरलेले विष तेथील प्रथिननिर्मिती बंद पाडते. त्याचा एकच रेणू ती पेशी मारण्यास पुरेसा ठरू शकतो, आणि हृदय व नाड्यांवरील उपद्रव त्यातूनच उद्भवतात. प्रतिविष केवळ पेशीबाहेरील विषास निष्प्रभ करते, म्हणून येथे प्रत्येक तास मोलाचा आहे.

घशात करडे, घट्ट चिकटलेले, काढू जाता रक्त येणारे पटल दिसताच प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात धाडावे. पटल खरवडू नये. औषधालयचालकांनीही ताप, घसादुखी व मानेस सूज असलेल्या बालकासाठी केवळ गुळण्यांचे औषध मागणाऱ्या पालकांस वैद्याकडे वळवावे. निकटच्या संपर्कातील व्यक्तींची तपासणी व लसीकरण पाहावे लागते. आणि रोगातून उठलेल्या रुग्णासही लस द्यावी लागते, कारण रोग होऊन गेल्याने खात्रीची प्रतिकारशक्ती येतेच असे नाही.