शिंगाडा

(हिं. सिंघाडा, सं. शृंगाटक, लॅ. ट्रॅपा नॅटॅन्स, प्रकार बायस्पायनोझा, कुल–लिथ्रेसी). गोड्या व संथ पाण्यात वाढणारी वर्षायू जलवनस्पती. पूर्वी तिचा समावेश ट्रॅपेसी या स्वतंत्र कुलात करीत. भंडारा जिल्ह्यातील तलावांत व बोड्यांत तिची लागवड करतात. यांपैकी अनेक मालगुजारी तलाव कोहळी समाजाने भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेले आहेत. मासेमारीप्रमाणेच शिंगाड्याची लागवड व काढणी हा तेथील ढीवर समाजाचा परंपरागत व्यवसाय होय.

तरंगती पाने चौकटीच्या आकाराची व दातेरी असून त्यांचे देठ फुगीर व स्पंजासारखे असतात; त्यामुळे पानांचा झुबका पाण्यावर राहतो. पांढरी फुले पाण्याबाहेर उमलतात. परागणानंतर त्यांचे देठ खाली वळतात व फळे पाण्यात पोसली जातात. फळांवरील शिंगे ही संदलांची रूपांतरे होत. पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावतात. फळांचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर असतो.

१०० ग्रॅ. ताज्या गरात सु. ७० ग्रॅ. पाणी, २३·३ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व ४·७ ग्रॅ. प्रथिने असून त्यापासून ११५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. वाळलेल्या गरात हेच आकडे अनुक्रमे १३·८, ६८·९, १३·४ व ३३० असे आहेत. म्हणजे वाळविल्याने पाणी जाऊन ऊर्जा जवळजवळ तिप्पट एकवटते.

खाद्य समुद्रशैवलांप्रमाणे शिंगाडाही पाण्यातील अन्न असले, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. शैवलांतील आल्जिनेट, आगर इ. पदार्थ माणसाला फारसे पचत नाहीत. त्यांमुळे पोट भरल्याची जाणीव होते व ग्लुकोजाचे शोषण मंदावू शकते. लठ्ठपणाच्या संदर्भात त्यांचा अभ्यास होतो, तो यामुळेच. शिंगाड्यात मात्र पचणारा स्टार्च मुख्य असतो. म्हणून उपवासाचे पीठ ‘हलके’ मानून मधुमेही व्यक्तीने ते मनसोक्त खाणे योग्य नाही. तूप व साखर घालून केलेल्या शिऱ्याबाबत तर अधिकच संयम हवा. फळाच्या सालीतील पॉलिफिनॉलांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्षही पिठाला लागू करता येत नाहीत.

तथापि साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात, त्या मानाने शिंगाड्याचे पीठ सरस ठरते. ग्लुटेन नसल्याने सीलिअक रोग्यांनाही ते चालते. कच्च्या फळाची साल दातांनी सोलू नये. सालीवरील कृमींच्या अवस्था पोटात जाण्याचा संभव असतो. फळे स्वच्छ धुऊन व उकडून, बेताने खाणे इष्ट.